तांदळाच्या डब्यातलं 'बी'

गेल्या महिन्यात आमच्या आईला तांदूळ काढताना डब्यात एक कार्ड सापडलं. गुळगुळीत, गोल कोपऱ्यांचं, वर लाल रंगात स्मॉल 'बी' आणि खाली बॉलचं चित्र. चौकशीअंती आरोपी निष्पन्न झाला. आमचे चिरंजीव, वय वर्षं पाच. गुन्ह्याचं कारणही त्याने आजीला सरळ सांगून टाकलं. ते कार्ड नसलं की बाबा विचारणार नाही.

आजी हसली, बायकोही हसली. मी हसलो नाही, कारण तो 'बाबा' मी होतो.

झालं असं होतं की शाळेच्या डायरीत शेरा आला होता. मुलगा अक्षरं उलटी लिहितो, बी आणि डी मध्ये गोंधळ होतो, घरी सराव घ्यावा. एवढंच. पण इंजिनियरच्या हातात असा शेरा पडला की तो त्याला बग रिपोर्ट समजतो. मी एक्सेल शीट उघडली. सव्वीस कॅपिटल, सव्वीस स्मॉल, एकूण बावन्न अक्षरं. दर वीकएन्डला चार, म्हणजे तेरा वीकएन्ड. हिरवा, पिवळा, लाल असे रंग. फ्लॅश कार्डांचा संच मागवला आणि दर शनिवारी सकाळी नऊला डायनिंग टेबलावर आमची मीटिंग सुरू झाली.

तिसऱ्या शनिवारी त्याचं पोट दुखायला लागलं. चौथ्याही. रविवारी संध्याकाळी आपोआप बरं वाटायचं आणि सोमवारी स्वारी उड्या मारत शाळेत. आपल्या लहानपणी पोटं सोमवारी सकाळी दुखायची हो! इथे मुलाला शाळा परवडत होती, बाप परवडत नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला तांदळाचा डबा उघडावा लागला.

त्याच सुमारास आमच्या टीममधला बॉस्टनचा एक सहकारी कॉल सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत मुलाबाळांची चौकशी करत होता. मी रडगाणं गायलं. तो म्हणाला, कार्डं ठेव बाजूला, 'दे माइट बी जायंट्स'चा एबीसीचा अल्बम लाव. आता हे नाव मी कॉलेजात ऐकलेलं. विक्षिप्त गाणी करणारा अमेरिकन रॉक बँड, अॅकॉर्डियन वाजवणारा एक आणि गिटार वाजवणारा एक, दोघांचंही नाव जॉन. ते आणि एबीसी? म्हटलं हा चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. 'हिअर कम द एबीसीज' हा त्यांचा अल्बम २००५ साली आला, तोसुद्धा डिस्नीच्या लेबलवर.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. जॉन लिनेल आणि जॉन फ्लॅन्सबर्ग हे बॉस्टनजवळच्या लिंकन गावातले शाळेपासूनचे मित्र. १९८२ साली ब्रुकलिनमध्ये दोघांनी बँड सुरू केला. लवकरच एकाचा हात मोडला, दुसऱ्याच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद पडले. मग त्यांनी काय करावं? घरातल्या आन्सरिंग मशीनवर स्वतःची गाणी टाकून ठेवायला सुरुवात केली. तुम्ही नंबर फिरवायचा, पलीकडे एक गाणं वाजणार. याचं नाव 'डायल-अ-साँग'. एका वेळी एकच माणूस ऐकू शकणार, बाकीच्यांना लाईन बिझी! स्केलेबिलिटीच्या नावाने शंख. पण ही सेवा वर्षानुवर्षं चालली आणि बँडचं नाव झालं. १९९० साली 'फ्लड' नावाचा अल्बम आला, तो आजही त्यांची ओळख आहे. २००२ साली एका टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतासाठी ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी 'नो!' हा लहान मुलांसाठीचा पहिला अल्बम निघाला. त्यानंतर हे एबीसी.

तर मंडळी, एका शनिवारी सकाळी नऊला मी कार्डं काढलीच नाहीत. स्पीकर लावला. चिरंजीव पोट धरून तयारच बसले होते, ते जरा गोंधळले.

पहिली गोष्ट म्हणजे यात 'ए फॉर अॅपल' असं काही चालत नाही. सी म्हटल्यावर आपल्याला कॅट आठवते, फार तर केक. इथे सी म्हणजे कॉनिफर! पाच वर्षांच्या मुलाला कॉनिफर कशाला कळायला हवं, असं माझ्या मनात येईपर्यंत त्याने विचारलंसुद्धा, बाबा, कॉनिफर काय असतं? मी सोसायटीच्या दारातलं कुंडीतलं ख्रिसमस ट्री दाखवलं. पुढच्या आठवड्यात अलिबागला गेलो तर किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांकडे बोट दाखवून हा ओरडला, कॉनिफर! मीही मान डोलावली. रात्री शोधलं तर सुरू कॉनिफर नसतोच. दिसतो तसा, पण तो फुलं येणाऱ्या झाडांच्या कुळातला. बापलेक दोघंही नापास. पण त्या दिवशी कुणाचं पोट दुखलं नाही.

मग ई चं गाणं. त्यात ई हे अक्षर भेटेल ते खात सुटतं, बाकीच्या अक्षरांचे आपापले नखरे. मुलाला खादाड ई ची गंमत वाटली. मला वेगळीच. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर ई च आहे ना! म्हणून तर मोर्सच्या लिपीत ई ला फक्त एक टिंब आहे आणि स्क्रॅबलच्या पिशवीत ई चे बारा ठोकळे असून प्रत्येकाला जेमतेम एक गुण. हा विचार करून त्यांनी ते गाणं केलं असं मी म्हणत नाही. पण त्या खादाड अक्षराकडे बघून मला माझ्या कामातली फ्रिक्वेन्सी टेबल्स आठवली आणि मी चहाचा कप हातात धरून एकटाच हसत बसलो.

एका गाण्याचं नाव 'फ्लाइंग व्ही'. लहान मुलाच्या डोळ्यांसमोर आकाशातून रांगेत जाणारे पक्षी येतात. ज्याने रॉक ऐकलंय त्याच्यासमोर गिब्सनने १९५८ साली काढलेली त्याच नावाची टोकदार गिटार. क्यू आणि यू या चिकट जोडगोळीवर एक गाणं आहे. अख्खी बाराखडी उलटी, झेडपासून एपर्यंत म्हणणारं एक आहे. आणि एल-एम-एन-ओ वर एक आहे, ज्याचं मोल फक्त पालकांना कळेल. एबीसीच्या नेहमीच्या चालीत ही अक्षरं इतक्या घाईत कोंबलेली असतात की जगभरातल्या मुलांना 'एलेमेनो' हे एकच अक्षर वाटतं. ती चाल मुळात अक्षरांसाठी बनलेलीच नाही. अठराव्या शतकातली ती एक फ्रेंच चाल, मोझार्टने तिच्यावर विस्तार केले, 'ट्विंकल ट्विंकल'ही तिच्यावरच बसवलं गेलं आणि १८३५ साली बॉस्टनमध्ये कुणीतरी तिच्यावर एबीसी बसवून कॉपीराइट घेतला. तयार लायब्ररी उचलली आणि डेटा आत दाबून बसवला. एल-एम-एन-ओ तिथेच चेंगरलं ते आजतागायत.

पण सगळ्यात भारी गाणं देशांचं. एकेका अक्षराने सुरू होणारा एकेक देश, ए पासून झेडपर्यंत. आता एक्सचं काय करायचं? एक्सवरून देशच नाही. या पठ्ठ्यांनी सरळ 'वेस्ट झायलोफोन' नावाचा देश काढला आणि डब्ल्यू-एक्स दोन्ही एका फटक्यात मिटवले! त्यावर आमची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आमचा ण बाणाचा होता तसंच की. खरंच! मराठीत ण ने सुरू होणारा शब्दच सापडेना म्हणून आपण शेवटचं अक्षर पकडून 'ण बाणाचा' केलं, 'ळ बाळाचा' केलं, आणि पिढ्यान् पिढ्या गंभीर चेहऱ्याने घोकत बसलो. आईला सत्तरीत पहिल्यांदा त्याचं हसू आलं. चिरंजीवांनी तत्परतेने 'ण णारळाचा' असं जाहीर केलं. ते आता घरात रूढ आहे.

आता मुद्द्यावर येतो.

लहान मुलांसाठी म्हणून जे काही बनतं, त्यातलं बरंचसं मला सहन होत नाही. कीबोर्डवरचा तोच खणखणाट, तेच नाचणारे हत्ती आणि मोठ्या माणसाने नाक दाबून काढलेला तो लाडिक आवाज. वर 'आकलनशक्ती वाढवते', 'शाळेची पूर्वतयारी' असले फीचर्स. ऐकताना सारखं वाटतं की बनवणाऱ्याला स्वतःला यात काडीचा रस नाही. मुलांना चालतंय ना, मग झालं. आणि मूल हे ओळखत नाही असं समजू नका. माझ्या फ्लॅश कार्डांच्या वेळी मला बी मध्ये रस नव्हता, लाल खाना हिरवा होण्यात होता. मुलाने ते दुसऱ्या शनिवारीच ओळखलं असणार.

या दोन जॉनची गाणी ऐकताना जाणवतं ते हे, की या माणसांना एबीसी खरोखरच विचित्र आणि मजेशीर वाटतेय. ते शिकवायला खाली वाकलेले नाहीत. चाळिशी ओलांडलेले दोन बाप्ये, ज्या गोष्टीकडे आपण पंचवीस-तीस वर्षांत पाहिलेलं नाही तिच्याकडे पुन्हा पाहतायत आणि म्हणतायत, अरे, हे काय आहे! आवाज त्यांचा नेहमीचाच, जरा नाकातला. वाद्यं नेहमीची, ड्रम खरेखुरे. मुलांसाठी म्हणून संगीतात कुठे भेसळ केलेली नाही.

एका गाण्याच्या नावातच प्रश्न आहे, की एबीसी या क्रमाने लावली कुणी? प्रश्न पोरकट वाटतो ना? उत्तर द्या पाहू! मी आयुष्यभर सॉर्टिंगचे अल्गोरिदम लिहिले. ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६ हे झोपेत सांगेन. पण बी च्या आधी ए का, हे मला एकदाही पडलेलं कोडं नाही. आपल्या वर्णमालेला निदान तर्क आहे. क-वर्ग घशापाशी, मग टाळू, मग जीभ पुढे पुढे सरकत दात आणि शेवटी प-वर्ग ओठांवर. म्हणून पाहा, नकाशा आहे तो तोंडाचा. एबीसीला असं काही नाही. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित नावाचं प्राचीन शहर होतं, तिथे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर अक्षरं साधारण याच क्रमाने लिहिलेली आहेत. क्रमामागचं कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही. मग तो फिनिशियनांकडून ग्रीकांकडे, तिथून रोमनांकडे गेला. रोमनांनी झेड नको म्हणून काढून टाकला, त्याची जागा जी ला दिली, पुढे ग्रीक शब्दांसाठी झेड परत लागला तेव्हा त्याला रांगेत शेवटी उभं केलं. थोडक्यात, डॉक्युमेंटेशन नसलेला, कुणी हात लावायला धजावत नाही असा जगातला सगळ्यात जुना लेगसी कोड! आणि हा मी पाच वर्षांच्या मुलाला 'सोप्पं असतं रे' म्हणून शिकवत होतो.

त्याच्या बी आणि डी चंही तेच. गाणी ऐकून कुतूहल जागं झालं म्हणून मी जरा वाचलं. स्टॅनिस्लास डेहान हा फ्रेंच मेंदुशास्त्रज्ञ याबद्दल सुंदर समजावतो. आपल्या मेंदूला वस्तू डावीकडून दिसली काय, उजवीकडून दिसली काय, तीच वस्तू म्हणून ओळखायची सवय आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. वाघ उजवीकडून आला म्हणून वेगळा प्राणी ठरवत बसलो असतो तर आपण शिल्लक राहिलो नसतो. हा नियम पाच वर्षं इमानेइतबारे पाळल्यावर मुलाला अचानक सांगितलं जातं, की पोट उजवीकडे असेल तर बी आणि डावीकडे असेल तर डी. त्याचा गोंधळ नाही झाला तरच नवल. सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं सर्रास अशी उलटी अक्षरं लिहितात. ज्याला मी बग म्हणून लाल रंग दिला, ते त्याच्या मेंदूचं अगदी चोख चाललेलं काम होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कौतुक चाललंय, पण मुलगा अक्षरं शिकला का? प्रामाणिक उत्तर सांगतो. त्या गाण्यांमुळे तो भराभर शिकला असं अजिबात नाही. अजूनही कधीकधी डी ला बी म्हणतो. पण आता विचारलं की पळून जात नाही, वाद घालतो. माझ्या दृष्टीने हे पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप डिस्नीचा. ज्यांनी हा बँड कॉलेजच्या दिवसांत डोक्यावर घेतला, त्यातल्या काहींना डिस्नीचं नाव खुपणारच. पोरांची गाणी करून पैसे कमवायला लागले, म्हणजे संपले! मला हे पटत नाही. गंभीर कलावंताने मुलांसाठी काही करणं म्हणजे पायरी उतरणं, ही कल्पना मराठी माणसाने तरी करू नये. 'नाच रे मोरा' आठवा. १९५३ च्या 'देवबाप्पा' सिनेमातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, आवाज आशाबाईंचा. तिघांपैकी एकानेही 'मुलांचंच तर आहे' म्हणून हात आखडता घेतलेला नाही. विंदा करंदीकरांनी अवघड कविता लिहिल्या, समीक्षा लिहिली, ज्ञानपीठ मिळवलं आणि 'एटू लोकांचा देश'ही लिहिला. विंदांना तिथे कुणी 'संपले' म्हटलं नाही. उलट अशी माणसं आज मुलांसाठी का लिहीत नाहीत, चाली का लावत नाहीत, हा आपला प्रश्न असायला हवा. आपल्याकडे झकास मराठी बँड आहेत. त्यांतल्या कुणी ङ आणि ञ या दोन बिचाऱ्यांवर एक खणखणीत गाणं करावं. पाठ करण्यापलीकडे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

या बँडची अजून एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. एबीसीनंतर २००८ मध्ये त्यांनी आकड्यांचा अल्बम केला, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. मग २००९ मध्ये विज्ञानाचा. त्यात सूर्य का तळपतो यावर एक गाणं आहे. ते मूळचं १९५९ सालच्या मुलांच्या एका विज्ञानगीतांच्या रेकॉर्डवरचं, हे दोघं ते कितीतरी वर्षं कार्यक्रमांत गात आलेले. त्यात सूर्याला वायूचा गोळा म्हटलंय. सूर्य खरा तर प्लाझ्मा आहे. तर यांनी काय केलं? जुनं गाणं तसंच ठेवलं आणि त्याच अल्बममध्ये त्याला दुरुस्त करणारं दुसरं गाणं घातलं. आधी सांगितलं ते बरोबर नव्हतं, आता हे ऐका. मुलांच्या देखत, ढोल वाजवून! आमच्या धंद्यात रिलीज नोट्समध्ये चूक कबूल करायची तर तीन मॅनेजर लागतात.

हे गाणं आम्ही दोघांनी ऐकलं तेव्हा त्याने विचारलं, म्हणजे त्यांचं चुकलं होतं? म्हटलं हो. मग मोठ्यांचं पण चुकतं? म्हटलं हो, आणि ते कार्डांचं माझं चुकलं होतं. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, पोटात दुखायचं ते पण तुला माहितीये का? मी म्हटलं, माहितीये. त्यावर तो काही बोलला नाही, माझ्या मांडीवर येऊन बसला.

एक्सेल शीट डिलीट केली. कार्डं मात्र टाकली नाहीत. त्याच अल्बममध्ये 'अक्षर की अक्षर नाही' असा एक खेळ गाण्यात घातलाय, तो आम्ही घरभर खेळतो. उलथनं? अक्षर नाही. उघडलेली कात्री? एक्स! दाराची कडी? यू, पण आडवा पडलेला. परवा त्याने बी चं कार्ड उभं-आडवं, उलटं-सुलटं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि मला म्हणाला, बाबा, हे एकच कार्ड आहे, पण यात चार अक्षरं आहेत. मी म्हटलं, कुठली? बी, क्यू, आणि आरशात धरलं की डी आणि पी.

चाळिशीला आलो, दिवसभर अक्षरंच टाइप करतो. मला हे कधी दिसलं नव्हतं.

असो. आज शनिवार आहे, नऊ वाजलेत आणि हॉलमध्ये झेडपासून उलटी बाराखडी जोरात चालू आहे. आईने तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय. उगाच, खबरदारी म्हणून.